दोनदा दाबलं तरी बंदच

सोमवार, ३

मनुष्यजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले आहेत. त्यांत आजच्या एकाची भर घालून ठेवते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, विमाकायद्याच्या सहाशे पानी पुस्तकाची मुद्रितं तपासायची बाकी असताना, एका मिस्त्रीने मला गृहपाठ दिला आहे. वही ठेवायची आणि रोज लिहायचं. विषय: आमच्या गाडीचा एसी.

गाडी सासऱ्यांची, सतरा वर्षांची. ते गेले, गाडी राहिली. तिचा एसी कधी चालतो, कधी बंद पडतो, आणि मिस्त्रीच्या दारात हमखास चालतो. तपासनीस आले की उनाड वर्ग कसा शहाणा होतो, तसा. आज तिसऱ्यांदा गेले होते. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, गॅसचा दाब मोजला, आत हात घातला आणि म्हणाला, "ताई, बर्फासारखा येतोय."

"आत्ता येतोय हो. पण आत्ता मला कुठं जायचंय?"

हा माणूस ओठांत खिळा धरून बोलतो. अर्धं वाक्य आपल्याला, अर्धं खिळ्याला. "कधीतरी होणारं दुखणं डॉक्टरला दिसत नाही. लिहून आणा. निघून किती मिनिटं झाली, गाडी पळत होती की उभी होती. आणि बंद पडला की बटण दोनदा दाबून बघायचं. दोनदा. मग काय झालं तेही लिहा."

बटणाविषयी: ते चौकोनी आहे. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. आतला हिरवा दिवा सासरे असतानाच गेला, त्यामुळे चालू आहे की बंद, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. या बाबतीत ते माझ्या नवऱ्यावर गेलं आहे.

आता हे सगळं कशासाठी, तेही लिहिते. सासूबाईंचं डायलिसिस सोमवार-गुरुवार असतं. इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण तासावर. गेल्या महिन्यात भर दुपारी एसी बंद पडला आणि पोचता पोचता त्यांनी डोळे फिरवले. डॉक्टर म्हणाले, यांना असं उन्हात शिजवत आणू नका. हे भाऊजींच्या कानांवर गेलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. इस्पितळापासून पाच मिनिटांवर घर, नवी कोरी गाडी, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याच्या हिताचं आहे असं सांगायची हातोटी. म्हणाले, "वहिनी, महिनाअखेरपर्यंत बघा. नाही जमलं तर आईला मी नेतो. कायमची."

मी म्हटलं, बघाच.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. सामानाला कोणी विचारतं का, कुठल्या खोलीत जायचंय म्हणून?"

बावीस वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात भांडत आलो आहोत. आता मध्येच कोणी येऊन एक बाजू उचलून नेणार, हे मला मान्य नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

गुरुवार, ६

जाताना: निघालो १२.१०. अडतीस मिनिटांनी, पुलावरच्या गर्दीत, गरम हवा. बटण दोनदा दाबलं. काही नाही. पूल उतरून गाडी पळायला लागली, तेव्हा 'टक' असा आवाज आला आणि आपोआप गार.

येताना: निघालो ५.२५. गाडी चार तास सावलीत उभी, गारच. दहा मिनिटांनी, मोठ्या चौकात, सासूबाई म्हणाल्या, "बंद झाला गं." दोनदा दाबलं, तरी बंदच. घरापर्यंत बंद.

शुक्रवार, ७

आज सकाळी दुकानात जाताना एकदाच दाबलं, लगेच चालू. गाडीचा माझ्यावर वैयक्तिक राग असावा.

सोमवार, १०

जाताना चाळिसाव्या मिनिटाला बंद, पाच मिनिटांनी आपोआप चालू. येताना पुन्हा मोठा चौक, पुन्हा "बंद झाला गं," पुन्हा दोनदा दाबलं, पुन्हा बंदच.

या चौकात सहा रस्ते मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावरून माणसं आयुष्याला कंटाळल्यासारखी गाड्या घालतात. माझी मान तिथं पंख्यासारखी फिरत असते, आणि नेमकं तेव्हाच हे होतं. मला आता पॅटर्न दिसायला लागला आहे. वळताना कुठली तरी वायर ताणली जात असणार. मिस्त्रीला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "वही आणा ना." वहीत त्याच्याविषयी जे लिहिलं आहे ते पाहता वही देणं शक्य नव्हतं. जातानाच्या नोंदी वाचून दाखवल्या. येतानाचं तसंच आहे म्हटलं.

सासूबाईंना उतरवताना हात धरला तर गार पडलेला. एसी बंद असून. डॉक्टरांना विचारायला हवं.

घरी आल्यावर नवऱ्याचं सुरू झालं, पंखा कमी कर, थंडी वाजते. मुलगी आतून ओरडली, वाढव, उकडतंय. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "एकाला उकडतं, एकाला गारठतं, मी काय हवामान खातं आहे का? ज्याला जे होतंय ते त्याने गप सोसा." सगळे गप्प झाले. सासूबाई तर जेवणभर एक शब्द बोलल्या नाहीत. वाक्य मलाही आवडलं, म्हणून लिहून ठेवलं.

मंगळवार, ११

विज्ञान प्रयोगावर चालतं. सकाळी एकटीच गाडी घेऊन मोठ्या चौकात गेले आणि गोल गोल फिरले. अकरा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांकडे वाहतूक पोलिसाने दुर्लक्ष केलं. चौथीला शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. सातवीला त्याने टोपी काढून डोकं पुसलं. अकराव्या फेरीनंतर त्याने हात दाखवून थांबवलं.

"बाई, कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

"मग घरी जा ना."

अकरा फेऱ्यांत एसी एकदाही बंद पडला नाही. चटके बसावेत इतका गार. म्हणजे वायरचं नसणार. किंवा वायर लबाड आहे.

सोमवार, १७

वाईट दिवस. जाताना पुलावर अपघात झालेला, पंधरा मिनिटं गाडी जागची हलली नाही. एसी बंद. सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. मी काचा उघडल्या, ओला रुमाल मानेवर ठेवला, विमाकायद्याच्या पानांनी वारा घातला. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "चुका काढलेल्या बाजूने घाल. तिकडून गार लागतो."

पोचल्यावर नर्सने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी इथे लिहिणार नाही.

येताना काय होणार ते मला ठाऊक होतं. चौक, "बंद झाला गं," दोनदा, बंदच. त्या वेळी त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली होती. मी म्हटलं, "शाल तरी काढा, आणखी उकडेल." तर म्हणाल्या, "राहू दे. अंगाला सवय झालीय."

संध्याकाळी भाऊजींचा फोन. नर्स त्यांच्या ओळखीची आहे हे मला आज कळलं.

"वहिनी, हट्ट कशाला? यात तुमचा काय मोठेपणा?"

"महिना संपलाय का?"

"नाही."

"मग फोन ठेवा."

शनिवार, २२

दुपारी बाराला गाडी मिस्त्रीकडे उन्हात लावली, इंजिन चालू ठेवलं, आणि मी त्याच्या स्टुलावर मुद्रितं घेऊन बसले. म्हटलं, बंद पडल्याशिवाय हलणार नाही. तो म्हणाला, "मी पण नाही हलत."

पंचेचाळीस मिनिटं आम्ही दोघं एका गाडीकडे पाहत बसलो. त्याने ओठांतला खिळा या गालातून त्या गालात नेला. एवढ्यात गरम हवा यायला लागली. आयुष्यात प्रथमच मला एखादी वस्तू बिघडल्याचा इतका आनंद झाला.

मिस्त्रीने धावत जाऊन बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. "हे बघा. कॉम्प्रेसरच्या तोंडावरची ही चकती. एसी चालू केला की चुंबक हिला ओढून घेतं, चिकटली की गार हवा. आता चुंबक ओढतंय, पण ती पोचत नाहीये." एक लाकडी दांडका घेऊन त्याने बेताने टोचलं. टक. चकती चिकटली, हवा गार.

"झिजून मधलं अंतर वाढलंय. गार असताना ओढून घेतं. तापलं की चुंबकाचा जोर कमी पडतो. थोडं गार झालं की पुन्हा जमतं."

"मग आता काय नवीन घालायचं?"

"घालायचं काही नाही. आतून एक पातळ वॉशर काढायचा. अंतर कमी होईल."

काढला. नखाएवढा. सतरा वर्षांच्या गाडीचं आणि माझ्या घराचं एवढ्याशा गोष्टीवर अडलं होतं. पुन्हा तासभर उन्हात चालवून पाहिली. एसी एकदाही बंद पडला नाही.

सोमवार, २४

जाताना: पूल, गर्दी, ऊन, सगळं होतं. एसी अखंड चालू. सासूबाई म्हणाल्या, "आज बरं वाटलं गं." मी मनातल्या मनात भाऊजींना तीन फोन केले.

येताना: चौक. "बंद झाला गं."

दोनदा दाबलं. बंदच.

मला रडू आलं नाही. डोळ्यांत धूळ गेली. काच उघडी होती.

गुरुवार, २७

भाऊजी आज स्वतः आले. आपली गाडी आमच्या दारात लावून मागच्या सीटवर परीक्षकासारखे बसले. म्हणाले, "जाताना-येताना दोन्ही बघतो. मग निर्णय एकदाच."

काल मिस्त्रीने दोन तास शोधूनही काही सापडलं नव्हतं. त्याला मी नको ते बोलले. पुन्हा पुन्हा यावं म्हणून तूच काहीतरी सैल ठेवतोस, असंही म्हणाले. त्याने तोंडातला खिळा काढून खिशात ठेवला आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

जाताना उत्तम. भाऊजींनी पुढे वाकून दोनदा हवेवर हात धरला. चार तास आम्ही इस्पितळाच्या बाकावर एकमेकांशेजारी बसून वेगवेगळ्या भिंती पाहिल्या.

येताना चौक आला. मी मान फिरवली. "बंद झाला गं," सासूबाई म्हणाल्या.

मी बटण दोनदा दाबलं. भाऊजी मागून म्हणाले, "अहो वहिनी, ते बट..." आणि थांबले. सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं. क्षणभरच. मग त्यांनी हात शालीत घेतले आणि समोर बघत बसल्या.

आरशात पाहिलं तर भाऊजी खिडकीबाहेर बघत होते, आणि नाक ओढत होते. धूळ आज फारच होती.

घरी पोचल्यावर सासूबाई आत गेल्या. मी म्हटलं, "बोला. काय तो निर्णय."

"गाडी ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "आई तुमच्याकडेच राहू दे."

"ठीक कशी? तुमच्यासमोर एसी बंद पडला."

"ठीक आहे म्हणतोय ना मी." आणि चहा न घेता गेले.

म्हणजे दया. बावीस वर्षांत या माणसाने मला एकदा जिंकू दिलं नाही, आणि आज कीव करून देतोय. मला असला निकाल नको. उद्या ही वही मिस्त्रीच्या हातात देते. वाचू दे त्याला काय वाचायचं ते. बिघाड सापडल्याशिवाय मी महिना संपू देणार नाही.

शुक्रवार, २८

मिस्त्रीने हात पुसले आणि वही उघडली. पहिलंच पान मोठ्याने वाचलं. "'हा माणूस ओठांत खिळा धरून बोलतो.'" माझ्याकडे पाहिलं. "खरंय." पान उलटलं.

त्याला वाचायला वेळ लागला. मी माफी मागायची वाक्यं मनात जुळवत होते. मुद्रितशोधकाला स्वतःचं वाक्य कधी पसंत पडत नाही. तो एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर बोट नेत होता.

"ताई, इथे दोन चोर आहेत."

"म्हणजे?"

"जाताना बंद पडायचा तो चाळीस मिनिटांनी, तापल्यावर, आणि आपोआप यायचा. तो चोर मी पकडला. येताना गाडी गार, ऊन उतरलेलं, तरी दहा मिनिटांत बंद, आणि मग येतच नाही. तुम्ही मला दोन्ही एकच म्हणून सांगितलंत." त्याने पान माझ्याकडे फिरवलं. "हे बघा. प्रत्येक वेळी 'दोनदा दाबलं, तरी बंदच.' बटण चालू असताना दोनदा दाबलं तर काय होतं?"

"बंद होऊन पुन्हा चालू."

"आणि बंद असताना दोनदा दाबलं तर?"

मी हवेतच अंगठा दोनदा दाबून पाहिला.

"चालू होऊन पुन्हा बंद," तो म्हणाला. "म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा दाबलं की लगेच सुरू. एसी बंद पडत नव्हता ताई. तो कोणीतरी बंद केलेला असायचा. तुम्ही एकट्या अकरा फेऱ्या मारल्यात तेव्हा शेजारची सीट रिकामी होती."

मी वही परत घेतली आणि येतानाच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या क्रियापदांवर लाल खुणा करत आले. सासूबाई एकदाही 'बंद पडला' म्हणाल्या नव्हत्या. दर वेळी 'बंद झाला'. खोटं बोलायला नको म्हणून शोधून काढलेलं क्रियापद, आणि ते माझ्याच हाताने माझ्याच वहीत.

गार पडलेले हात. शाल. चार तास सगळं रक्त यंत्रातून फिरून आलेलं, आणि वर मी तोंडावर बर्फाची हवा सोडलेली. सांगायचं ना, असं म्हणणार होते, तेवढ्यात दहा तारखेचं पान समोर आलं. मी काय हवामान खातं आहे का. ज्याला जे होतंय ते त्याने गप सोसा.

त्या गप सोसत होत्या. एकीकडे तक्रार केली तर आपण नकोशा होऊ ही धास्ती, आणि दुसरीकडे त्याच बटणाने महिनाअखेरीला त्यांना घराबाहेर काढलं असतं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते मागच्या सीटवरच्या माणसाच्या. त्याने आईचा हात बटणावर पाहिला, आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला कुठं राहायचंय ते त्याला कळलं. मी याला कीव म्हटलं होतं.

मिस्त्रीला म्हटलं, "परवा मी बोलले ते चुकलंच."

"ते वहीत नाहीये," तो म्हणाला. "जे लिहिलंय तेवढंच मी धरतो." आणि खिशातला खिळा काढून पुन्हा ओठांत धरला.

सोमवार, ३१

जाताना पूल, गर्दी, ऊन. एसी चालू.

येताना ५.३० ला निघालो. सासूबाई थकलेल्या होत्या, मान मागे टेकलेली. चौक दिसायला लागला तसा शालीतून एक हात हळूच बाहेर आला आणि मांडीवर येऊन थांबला. वाट बघत. मी त्याआधीच बटण दाबलं. एकदाच.

"आई, बंद करते हं. आज मलाच गारठल्यासारखं होतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. इतका की मागच्याने भोंगा वाजवला.

"मग आधी बोलायचं ना," त्या म्हणाल्या. "इतके दिवस सोसत बसलीस? बोलल्याशिवाय समोरच्याला कसं कळणार? तुझं मेलं नेहमीचंच आहे. बाकी तोंड एवढं, आणि स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की मूग गिळून बसायचं."

"चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी हात पुन्हा शालीत घेतला आणि चौक ओलांडेपर्यंत झोपल्यासुद्धा.

त्यांना अंथरुणावर निजवून गच्चीवर गेले आणि भाऊजींना फोन केला. त्यांनी पहिल्या घंटीला उचलला. आईविषयी काही वाईट ऐकायला लागेल, अशा आवाजात म्हणाले, "बोला वहिनी."

"दर गुरुवारी आईंना तुम्ही न्याल का? दुपारी इथून घेऊन जायचं, परत आणून सोडायचं. मधले चार तास बाकावर बसायचं."

"का? गाडी पुन्हा बिघडली?"

"गाडी ठीक आहे. तुम्हीच सांगितलंत ना."

"मग हे मध्येच कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. माझी मुद्रितं राहिलीत."

ते नाक ओढल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "येईन. दर गुरुवारी येईन."

"एक लक्षात ठेवा. येताना चौकाच्या आधी एसी बंद करायचा, आणि तुम्हाला गारठतंय म्हणून सांगायचं."

"मला? वहिनी, मला बारा महिने घाम येतो."

"गुरुवारी नाही येणार," मी म्हटलं.

"बरं," भाऊजी म्हणाले. "गुरुवारी नाही येणार."